सिनेमातली सासू

मी संशयी बाई आहे, हे आमच्या इमारतीत दूध घालणारा माणूससुद्धा सांगेल. पातेल्यात बोट बुडवून पाहिल्याशिवाय मी त्याला जाऊ देत नाही. औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचते, आणि मग दुकानदाराचा चेहराही वाचते. महाडच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला. वर्गातलं एखादं पोर "बाई, पोटात दुखतंय" म्हणालं की मी आधी खिडकीबाहेर कोण उभं आहे ते बघायची. बहुतेक वेळा कोणीतरी असायचंच. तेव्हा या स्वभावाबद्दल मला कोणी चार शब्द सुनावू नयेत.

म्हणूनच गावाहून मोठ्या दिरांचा फोन आला तेव्हा त्यांना माझीच आठवण झाली. आमचं गाव पोलादपूरहून कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. पंचवीसेक घरं असतील, त्यातली निम्मी दिवाळी-गणपती सोडता बंद.

"शेतात परकी मानसं फिरतायत," दीर म्हणाले. "टेप लावून बांध मोजतायत. वर ड्रोन का काय ते उडवतात. इचारलं तर म्हणतात, सिनेमा काढायचाय. सिनेमा काढायला बांध कशाला मोजायला लागतो? तू ये आनि बघ."

आमच्या भागात परका माणूस बांधावर उभा राहून "वा, काय जागा आहे" म्हणाला की पुढच्या पावसाळ्याआधी तिथे तारेचं कुंपण आलंच म्हणून समजावं. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला असे कितीतरी बांध गेले. मी बॅग भरली. दिवाळीची सुट्टी होती म्हणून सूनही बरोबर निघाली.

तिच्याबद्दल आधी सांगायला हवं. माझा एकुलता एक मुलगा तापाच्या निमित्ताने गेला, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मूलबाळ नव्हतं. तिच्या माहेरची माणसं कशेडी घाटाच्या पायथ्याची, ती न्यायला आली होती. तीच म्हणाली, "नको, मी आईंजवळ राहते." एका दवाखान्यात ती केसपेपर लिहायचं काम करते. सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी येताना माझ्यासाठी कधी भाजी, कधी चाफ्याची फुलं आणते. इतकी चांगली वागते की मला झोप लागायची नाही. एवढं चांगलं माणूस का वागतं? जायचं असतं म्हणून. ती राहते म्हणाली त्या दिवसापासून एकच प्रश्न माझ्या मानेवर बसला होता, ही कधी जाणार.

गावात पोचलो तर देवळाच्या सभामंडपात बैठकच भरली होती. सिनेमावाल्यांच्या वतीने एक माणूस आला होता. चाळिशीचा, सावळा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला. सगळी व्यवस्था तोच बघायचा, म्हणून गावाने त्याचं नाव प्रॉडक्शनवाला ठेवलं होतं. मूळचा आंबेनळीकडच्याच एका वाडीचा, आता मुंबईला. मला हे ऐकूनच खटकलं. आपल्याकडचा माणूस पुढे घातला की गाव विरघळतं, हे ज्याला कळतं तो साधा नसतो.

सिनेमा ऐतिहासिक, हजारो वर्षांपूर्वीचा, असं तो म्हणाला. कुठल्या राजाचा, असं कोणीतरी विचारलं. तो म्हणाला, राजाचा नाही, गोष्ट बायबलातली आहे. मग जमिनीचा संशय बाजूला राहिला आणि दुसरा पुढे आला.

"म्हंजे आमाला बाटवायचा इचार हाय काय?" दिरांनी सरळच विचारलं.

"नाय हो काका. सासू-सुनेची गोष्ट हाय."

खांबामागे बायका बसल्या होत्या. त्यांतून माझ्या मोठ्या जाऊबाईंचा आवाज आला. "देव कंचा ते ऱ्हाऊ द्या. सासू कशी हाय ते सांगा."

मग त्याने गोष्ट सांगितली, आणि चांगली सांगितली. दुष्काळ पडला म्हणून एक कुटुंब मुलूख सोडून परक्या देशात जातं.

"म्हंजे चाकरमानीच," जाऊबाई म्हणाल्या.

तिथे नवरा मरतो, दोन्ही मुलं मरतात. उरते सासू आणि दोन सुना. सासू म्हणते, मी माझ्या गावी परत निघाले, तुम्ही आपापल्या माहेरी जा. थोरली रडते आणि जाते. धाकटी मात्र हलत नाही. तुमचं गाव ते माझं गाव, म्हणते, आणि सासूचं बोट धरून परक्या मुलखात येते. तिथे दोघींकडे शेत कसायला कोणी नाही. मग ती सून लोकांच्या शेतात सरवा वेचायला जाते. कापणी झाल्यावर शेतात ज्या लोंब्या पडून राहतात त्या वेचायच्या, तो सरवा. आमच्याकडे ज्याला शेत नाही त्याने तो वेचावा, आणि ज्याचं शेत त्याने तेवढा वेळ दुसरीकडे बघावं, अशी रीत.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला मात्र माझ्याकडे वळलेल्या नजरा दिसत होत्या. एक नजर माझ्याकडे, एक माझ्या सुनेकडे. ती खाली बघून बोटातली अंगठी फिरवत होती. प्रॉडक्शनवाला म्हणाला, "आनि पुढं काय होतं, की त्या शेताचा मालक..."

"पुरे," मी म्हटलं. "कळली गोष्ट. चांगली आहे. त्यात बाटण्यासारखं काही नाही."

शिकलेल्या बाईने सांगितलं म्हणून गावाने मान डोलावली.

शूटिंग आमच्या खालच्या शेतात झालं. त्या देशात जव पिकतो, म्हणजे आपला सातू, आणि इथे तर भात आहे, असं मी दिग्दर्शकाला बजावलं. तो म्हणाला, लांबून कोणाला कळतंय. अशा माणसाच्या हाती धर्मग्रंथ पडला होता. कापणाऱ्या बायका म्हणून गावातल्याच बायका घेतल्या, अंगाभोवती लांब झगे गुंडाळून. जाऊबाई त्या झग्यातही कासोटा घालायला बघत होत्या.

आणि पहिल्याच दिवशी सगळं अडलं. दृश्य असं होतं की बायका कापत पुढे जातात, त्यांच्या हातून लोंब्या खाली पडतात, मागून नायिका येऊन त्या वेचते. कॅमेरा सुरू झाला. बायका कापत पुढे गेल्या. लोंबी पडली की जिच्या हातून पडली तीच वाकून उचलायची आणि मुठीत परत घ्यायची. दिग्दर्शक ओरडला. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. "खाली पाडा!" तो म्हणत होता, आणि त्या पाडतही होत्या, पण पाडल्याबरोबर हात आपोआप खाली जायचा. जन्मभर शेतात हेच केलेलं.

"पायाखाली भात येतो," एकजण म्हणाली. "जीव नाय होत."

शेवटी जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मागनं कोन येनार हाय? ही?" त्यांनी नायिकेकडे बोट केलं. ती बिचारी छत्रीखाली पंखा घेऊन बसली होती. "हिला कशाला ठेवायचा सरवा? हिच्या घरी काय कमी हाय?"

दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. नाही तरी नायिकेला लोंब्या वेचताही येत नव्हत्या, फुलं खुडावीत तशी ती एकेक उचलायची. तेव्हा प्रॉडक्शनवाल्याने काहीतरी सुचवलं. चेहरा नायिकेचा घ्यायचा, हात दुसऱ्या कोणाचे. आणि त्याने सगळ्या गर्दीतून माझ्या सुनेकडे पाहिलं.

मी नाही म्हणायच्या आत ती बांधावरून उतरली होती. माहेरी तिने हे लहानपणी केलेलं असणार. डोक्यावरून ओढणी घेऊन ती वाकली आणि दोन्ही हातांनी वेचत निघाली. पुढे कापणाऱ्या बायकांनी एकदा मागे वळून कोण आहे ते पाहिलं, आणि मग कोणीही न सांगता त्यांच्या हातून लोंब्या पडू लागल्या. एकेक नव्हे, मूठमूठ. जाऊबाईंनी तर कापलेल्या भाताची आख्खी पेंढी खाली सोडली आणि दुसरीकडे बघितलं. दिग्दर्शक खूश झाला. टाळ्या पडल्या.

मला मात्र कोणीतरी भर बाजारात थोबाडीत मारावी तसं झालं. ते शेत आमचं. त्यात माझ्या मुलाचा वाटा आहे. आणि त्याच शेतात गावाने त्याच्या बायकोसाठी सरवा टाकला होता. प्रेमाने टाकला, तेच जास्त लागलं. हिचं इथे काही नाही, असं सगळ्यांच्या हातांनी एकमताने ठरवून टाकलं होतं.

आणखी एक गोष्ट मी पाहून ठेवली. झोडणीसाठी सारवलेल्या खळ्याच्या कडेला प्रॉडक्शनवाल्याने चपला काढल्या आणि मग आत पाऊल ठेवलं. बाकीचे बूट घालून खळ्यात नाचत होते. मला वाटलं, मुंबईत राहणारा माणूस खळ्यात चपला काढतो, म्हणजे याला इथलं काहीतरी हवंय. जमीन नसेल तर काय, एवढंच शोधायचं होतं.

महाडला परतलो आणि फोन सुरू झाले. सून फोन उचलून गॅलरीत जायची. आत आली की फोन पालथा ठेवायची. "कोणाचा होता गं?" "दवाखान्यातून." दवाखान्याशी बोलताना माणूस कुंडीतल्या तुळशीची पानं कुरवाळत बसत नाही. एकदा मी मुद्दाम गॅलरीत कपडे काढायला गेले तर ती म्हणत होती, "अजून नाही विचारलं. थांबा ना जरा." ही "थांबा" कोणाला म्हणत होती? आणि काय विचारायचं राहिलं होतं? मला वाटलं, आता ही मुंबईला चालली. सिनेमात काम, नाही तर आणखी काही. रात्री तिच्या खोलीचा दिवा जाईपर्यंत मी जागी राहायची.

उघड विचारायची माझी हिंमत नव्हती. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं. त्यापेक्षा मी ती गोष्टच हत्यारासारखी वापरायला लागले. शेजारणी आल्या की तिला ऐकू जाईल अशा बेताने सांगायची, "बायबलात एक सून आहे बघा. सगळं सोडलं तिने, पण सासूला सोडलं नाही." भाजीवालीलाही सांगितली. इमारतीच्या हळदीकुंकवात तर मी ती इतकी रंगवून सांगितली की एका बाईने वाण हातात धरूनच डोळे पुसले. सून स्वयंपाकघरात कप विसळत होती. कपांचा आवाज मध्येच थांबला, हे मी ऐकलं आणि मला बरं वाटलं.

वर्ष गेलं. सिनेमा तयार झाला. कुठल्या मोठ्या थिएटरात लागला नाही, मोबाईलवर आला म्हणे. मग एके दिवशी सून म्हणाली, "आई, आपल्या गावात पडद्यावर दाखवणार आहेत. आपण जाऊया." पंचवीस घरांच्या गावात येऊन पडदा लावण्यात कोणाचा काय फायदा, हे मला कळेना. शिवाय दवाखान्यातून एक दिवसाची रजा घ्यायची तर महिनाभर विचार करणारी ही बाई, तिने न विचारता दोन दिवसांची रजा टाकली होती. माझी नवी साडी इस्त्री करून आणली होती. "तुम्ही यायलाच हवं," असं ती इतक्यांदा म्हणाली की जाऊच नये असं वाटायला लागलं. पण न जाऊन मला काहीच कळलं नसतं. एसटीत बसल्यावरसुद्धा ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा हात गार होता. पोलादपूरला उतरून रिक्षा केली, तर रिक्षावाल्यालाही सिनेमाचं माहीत. म्हणजे सगळं आधीपासून शिजत होतं.

शाळेच्या भिंतीवर चादर ताणली होती. दिवेलागणीला सगळं गाव जमलं. प्रॉडक्शनवाला मशीनपाशी उभा होता. त्याने मला वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला नाही, नुसती मान हलवली.

सिनेमा सुरू झाला. आमचा डोंगर आला तशी शिट्टी वाजली. जाऊबाई झग्यात दिसल्या आणि पोरंटोरं उठून नाचली. मग ते हात आले. चादरभर मोठे, भरभर चालणारे, नखांत माती असलेले माझ्या सुनेचे हात. नाचणारी पोरं खाली बसली. माझा मुलगा असता तर काय म्हणाला असता, असं मनात आलं आणि मला कळेचना की मी कोणावर रागावू.

मला वाटलं, आता संपेल. सरवा आला, पोटाला मिळालं, सासू-सून सुखाने राहिल्या. मी तरी लोकांना एवढीच गोष्ट सांगत आले होते. पण सिनेमा थांबेना. त्या शेताचा मालक मध्ये आला. वयाने मोठा, बोलायला मऊ. मी खुर्चीत सरळ झाले. सून घरी येते, सासू विचारते, आज कोणाच्या शेतात वेचलंस? आणि मग ती सासू, ती स्वतः, सुनेला न्हाऊ घालते. तिच्या केसांना सुगंधी तेल लावते. चांगले कपडे नेसवते. आणि म्हणते, तुझं घर व्हावं असं मला वाटतं, जा, तो खळ्यात आहे.

"अगो बाय," जाऊबाई मोठ्याने म्हणाल्या. "सासूच धाडते!"

हशा पिकला. मग तो अर्ध्यातच विरला, कारण सगळ्यांना आठवलं की मी इथेच बसले आहे. पडद्यावर लग्न लागलं. मूल झालं. त्या गावच्या बायकांनी ते मूल उचलून सासूच्या मांडीवर ठेवलं. राग, रडू, अपमान, सगळं एकाच वेळी आलं. मी सुनेकडे वळले. ती पडद्याकडे बघतच नव्हती. किती वेळापासून कोण जाणे, ती माझ्याकडे बघत होती.

बाकीचे चहाला गेले. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.

"हा सिनेमा इथे दाखवायचा हट्ट कोणाचा?" मी विचारलं.

"माझा."

"मोबाईलवर दाखवता आला असता."

"मोबाईलवर तुम्ही मध्येच बंद केला असतात."

हे खरं होतं. मी पुढचा प्रश्न विचारला. "फोन त्याचा असतो?"

"हो. त्यांनी सरळ विचारलंय, लग्न करशील का. बायको जाऊन बरीच वर्षं झाली त्यांची. मी म्हटलं, आईंना विचारल्याशिवाय नाही. पण विचारू कशी? तुम्ही जो येईल त्याला सांगत होतात, गोष्टीतली सून जात नाही म्हणून. मला वाटलं, तुम्हाला एकदा पूर्ण गोष्ट दाखवावी." तिने माझा हात धरला. "तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही जाणार. खरंच."

ती नाही गेली असती. एवढ्या एका बाबतीत मला काडीचाही संशय नव्हता. मी एक शब्द बोलले असते की ती उद्या मुकाट्याने माझ्याबरोबर महाडला आली असती, डबा घेऊन दवाखान्यात गेली असती, येताना चाफ्याची फुलं आणली असती. मरेपर्यंत. वर्षभर मी हेच मागत होते.

"ती बाई मला पटली नाही," मी म्हटलं.

"कोण?"

"सिनेमातली सासू. चौकशी नाही, घरदार बघितलं नाही, पोरीला नटवलं आणि अंधार पडल्यावर एकटीला खळ्यात धाडलं. असं कोणी करतं? मी असलं काही करणार नाही." तिचा चेहरा पडला. "त्याला रविवारी घरी बोलाव. दुपारी. उजेडात. मला नीट बघायचंय."

तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडली. नव्या साडीवर डाग पडले, पण मी बोलले नाही.

रविवारी तो आला. चपला दाराबाहेर काढल्या, एकमेकींना लावून. मी घरदार विचारलं, आई-वडील विचारले, दारू विचारली, पहिली बायको कशाने गेली ते विचारलं. त्याने सगळं सांगितलं आणि मी निम्म्यावर विश्वास ठेवला. मग पोहे आणले. वाढताना मी थोडे मुद्दाम त्याच्या पायाशी सांडले आणि दुसरीकडे बघितलं.

तो बोलता बोलता वाकला, एकेक पोहा वेचला आणि बशीच्या कडेला ठेवला. बोलणं थांबवलं नाही. हात आपोआप गेला होता.

मी कालथा भरून त्याला पुन्हा पोहे वाढले, आणि स्वयंपाकघरात येऊन पदराने डोळे पुसले. मागोमाग सून आली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मी म्हटलं, कांदा लागला डोळ्याला. तिने शांतपणे कढईचं झाकण उचलून कांदा कधीचाच शिजलाय हे पाहिलं. माझ्याजवळ राहून राहून तीही संशयी झाली आहे.